भिवंडीच्या हवेत होया

होयाची वेल भिवंडीत मरते ती सहसा उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली जिचे पान करपले नाही, तीच वेल ऐन श्रावणात बुंध्याशी काळी पडते आणि आठवड्याभरात पाने गाळून मोकळी होते. जिचे मूळ घर आशियातली पावसाळी जंगले, ती पावसातच का मरावी? हा प्रश्न नीट सुटला की कुंडी, माती, पाणी, खत यांबद्दलचे बहुतेक नियम त्याच्या उत्तरातूनच निघतात. वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

वेलीचे घर आणि गोतावळा

होया ही वनस्पतींची मोठी प्रजाती. तिच्यात काहीशे जाती मोडतात. भारतापासून आग्नेय आशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी असे करत त्या ऑस्ट्रेलियापर्यंत पसरल्या आहेत. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली हे नाव दिले, ते लंडनजवळच्या सायन हाउसच्या बागेचे मुख्य माळी टॉमस हॉय यांच्यावरून. उमराव आणि गव्हर्नर यांची नावे झाडांना चिकटवण्याच्या त्या काळात एका माळ्याचे नाव असे टिकून राहिले, हे मला आवडते. आपला सह्याद्रीही यातून सुटलेला नाही. होया वाइटाय ही जात पश्चिम घाटाच्या दमट जंगलांत झाडांच्या अंगावर चढलेली आढळते.

पण होयाची सख्खी नातेवाईक पाहायला घाटात जायची गरज नाही. अंजूरफाट्यापासून माणकोलीपर्यंत कुठल्याही पडीक प्लॉटवर, गोदामाच्या कुंपणाला लागून, ती उभी असते: रुई. पूर्वी या दोघी एकाच रुई कुलात होत्या; हल्ली ते सगळे कुलच कण्हेराच्या कुलात सामावून घेतले आहे. पान तोडले की दोघींना पांढरा चीक येतो. दोघींची शेंग उकलली की रेशमी शेपटीच्या बिया, म्हणजे मुले ज्यांना म्हातारी म्हणतात त्या, वाऱ्यावर निघतात. आणि फुलाची रचना तर जवळजवळ एकच.

मारुतीच्या माळेतले रुईचे एक ताजे फूल घ्यावे आणि मधल्या पंचकोनी माथ्याच्या कडेला असलेल्या काळपट ठिपक्याखाली शिवणाची सुई अलगद सरकवून वर उचलावी. ठिपक्यासकट दोन पिवळ्या चपट्या पिशव्या बाहेर येतात. हे परागपुंज. रुई-होयाच्या या गटात पराग भुकटीसारखा उडत नाही. तो असा गठ्ठ्याने जातो. कीटकाचा पाय ठिपक्याखालच्या फटीत अडकतो, तो ओढून काढताना गठ्ठा पायाला लागतो आणि पुढच्या फुलाच्या फटीत उतरतो. होयाच्या फुलात मेणासारख्या ताऱ्यावर दुसरा छोटा तारा बसवलेला दिसतो, ते तोरण. त्याच्या टोकांमध्ये हीच यंत्रणा असते. घरात वाढवलेल्या होयाला शेंग क्वचितच धरते, याचे कारणही इथेच आहे: पाय अडकवून घेणारा योग्य पाहुणा दिवाणखान्यात येत नाही.

मुळांना हवा

आता मूळ प्रश्न. बहुतेक होया अपिवनस्पती आहेत. त्या झाडावर राहतात, पण झाडाचे खात नाहीत. बांडगुळासारखे मूळ फांदीच्या आत घुसवणे त्यांना येत नाही. सालीच्या भेगांत, शेवाळात, साचलेल्या पालापाचोळ्यात त्या नुसती पकड घेतात. भिवंडीच्या उत्तरेला तानसाच्या जंगलात पावसाळ्यात जावे. झाडांच्या खोडांवर आमरी फुललेल्या दिसतात. त्यांच्या अंगावर चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या मरत नाहीत, उलट त्याच वेळी त्यांना तरारी येते. कारण सर थांबली की तासाभरात साल निथळते आणि मुळांभोवती पुन्हा वारा खेळू लागतो. म्हणजे या मुळांना पाण्याचे वावडे नाही. वावडे आहे ते पाण्याने हवेची जागा घेऊन तिथेच ठाण मांडण्याचे.

कुंडीत नेमके तेच होते. पाण्यात प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. नर्सरीतून वेल येते ती बहुधा चिकट लाल मातीत, प्लास्टिकच्या पिशवीत. ही माती एकदा भिजली की तिच्यातल्या बारीक पोकळ्या पाण्याने बुजतात आणि मुळांचा श्वास कोंडतो. इथे तापमानाचा मुद्दा येतो, आणि परदेशी पुस्तकांतला सल्ला इथे का फसतो तेही कळते. दर दहा अंशांना मुळांचा श्वसनवेग साधारण दुप्पट होतो. पंधरा अंशांच्या खोलीत ओल्या मातीत बसलेल्या मुळाला जेवढा प्राणवायू लागतो, त्याच्या दुपटीहून जास्त तो भिवंडीतल्या जुलैच्या पंचवीस-सव्वीस अंशांच्या रात्री लागतो. आणि पुरवठा मात्र तेवढाच तुटपुंजा. गुदमरलेल्या मुळावर मग पाण्यात वाढणाऱ्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांचा घाला पडतो. विलायतेत जी कुंडी दोन आठवडे ओली राहून निभावते, ती इथे निभावत नाही.

रोग ओळखण्यात एक मोठी फसगत आहे. पाणी कमी पडले की होयाचे पान मऊ पडते, सुरकुततेही. मुळे कुजली तरी अगदी तसेच होते, कारण दोन्ही वेळा पानापर्यंत पाणी पोचतच नाही. माणूस सुरकुत्या पाहतो आणि आणखी पाणी घालतो. पान बघून निकाल देऊ नये. कुंडी उचलून पाहावी. हलकी असेल तर तहान, जड असेल तर कूज. खात्रीच करायची तर वेल मुळासकट बाहेर काढून एक मूळ चिमटीत धरून ओढावे. निरोगी मूळ फिकट आणि ताठ असते, ओढले तरी अखंड राहते. कुजलेल्याची साल चिमटीत मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. असे दोरे जास्त दिसले की कुंडीला वाचवण्याचा नाद सोडावा आणि वरच्या हिरव्या फांद्यांची छाटकलमे करावीत.

भरणाचे साहित्य यावरून ठरते. नारळाच्या सोडणाचे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे तुकडे, लोणारी कोळसा आणि विटांचे खडे हे इथे उत्तम जमते, आणि वीटभट्ट्यांच्या या तालुक्यात विटांचे तुकडे मागितले तर कुणी पैसेही घेत नाही. चुरा मात्र चाळून टाकावा. पोकळ्या बुजवणारा तोच. सोडण तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवावे, म्हणजे त्यातला तांबूस अर्क आणि क्षार निघून जातात. कोकोपीट थोडेच, तेही फक्त उन्हाळ्यापुरते ओल धरायला. मातीची सच्छिद्र कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी, आणि लहान कुंडी मोठीपेक्षा बरी: मुळे जिथवर पोचलेली नाहीत तिथले पाणी कोणी पीत नाही, ते नुसते साचून राहते. लाल मातीतून वेल हलवायची तर दसऱ्यानंतर किंवा फेब्रुवारीत. जुलैत मुळांना हात लावू नये.

रात्री उघडणारे पान

होयाचे जाड पान हे नुसते पाण्याचे कोठार नाही. होया कार्नोसासारख्या अनेक जातींत श्वासाची वेळच उलटी असते. दिवसा पर्णरंध्रे मिटलेली. रात्री ती उघडतात, पाने कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारे बंद ठेवून त्याचे अन्न करतात. या रीतीचा एक जुना माग लागला तो भारतातच. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेल्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचे पान सकाळी चावून पाहिले तर आंबट लागले, दुपारच्या सुमारास ते बेचव झाले. त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. कोकणात परसापरसांत पानफुटी असते. हा प्रयोग आजही फुकट करता येतो. (होयाचे पान मात्र चावू नये. चीक आहे.)

याचा उपयोग असा की हवा किती कोरडी आहे हे होयाच्या बाबतीत दुपारपेक्षा रात्री मोजावे. कुंडी मात्र दिवसाही वाळते, आणि हवेची ही पाणी शोषण्याची भूक बाष्पदाबाच्या तुटीवरून कळते. एप्रिलची दुपार ३७ अंश आणि ३५ टक्के आर्द्रतेची धरली तर ही तूट सुमारे ४ किलोपास्कल भरते. जुलैचा दिवस २७ अंश आणि ९० टक्क्यांचा धरला तर जेमतेम ०.३६. म्हणजे एकाच गॅलरीत हवेची भूक तीन महिन्यांत अकरा पटींनी उतरते. त्यामुळे ‘आठवड्यातून दोनदा पाणी’ या सल्ल्याला भिवंडीत काही अर्थ नाही. एप्रिलमध्ये तो अपुरा आणि जुलैत जीवघेणा. वारांचे वेळापत्रक सोडून द्यावे आणि कुंडीच्या वजनावर चालावे. मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत वेल पागोळ्यांखालून आत घ्यावी आणि पाणी जवळपास विसरावे. त्याऐवजी पंखा लावावा, कमी वेगावर, पण रोज. आर्द्रता वाढवणारी यंत्रे, दगडांची ओली ताटे, पानांवर फवारे हे सगळे कोरड्या, हीटर लावलेल्या घरांसाठीचे उपाय आहेत. खाडीकाठच्या या गावाला आर्द्रता विकत घ्यावी लागत नाही. कमी असतो तो वारा, विशेषतः एकमेकांना खेटलेल्या चाळी आणि बॉक्स ग्रिल लावलेल्या सदनिका यांच्यामध्ये.

पाण्याच्या जातीकडेही लक्ष हवे. नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवून चालते. बोअरवेलचे बहुधा जड असते. कुंडीच्या कडेला पांढरी कड धरू लागली की समजावे. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी पिंपात धरून ठेवणे हा सर्वांत साधा इलाज. खत कृषी सेवा केंद्रात मिळणारे विद्राव्य १९:१९:१९ पुरते, लिटरला अर्धा ग्रॅम, तेही वेल वाढीला लागलेली असेल तरच.

नकाशा नव्हे, उंची पाहावी

जात निवडताना देश पाहणे ही सार्वत्रिक चूक आहे. होया लिनिअॅरिस आपल्याच हिमालयातली, नेपाळ-सिक्कीमकडच्या थंड उतारांवरची. सुतासारख्या पानांच्या तिच्या लांब झिपऱ्या पाहून कोणाचेही मन जाते. होया पॉलिन्यूरा, माशाच्या शेपटीसारख्या पानाची, तीही त्याच बाजूची. भारतीय म्हणून या घेतल्या जातात आणि पहिल्या मेमध्ये संपतात, कारण त्यांना रात्रीचा गारवा लागतो आणि पत्र्याचे छप्पर रात्री दहापर्यंत उष्णता ओकत असते. उलट सखल, उष्ण मुलखातल्या जाती परक्या असूनही इथे घरच्यासारख्या नांदतात: थायलंडकडची होया केराय, फिलिपिन्सची प्युबिकॅलिक्स, दालचिनीच्या वासाची लॅक्युनोसा, सुलावेसीकडची ओबोव्हाटा, आणि बंगाल-आसामपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली पॅरासिटिका. कार्नोसा मधली आहे. ती दक्षिण चीन, तैवान आणि जपानच्या दक्षिण बेटांवरची. तिला थंडीची थोडी चाहूल हवी असते. भिवंडीत ती जगते, वाढते, पण फुलायला रुसते. पहिलीच होया घ्यायची असेल तर मी प्युबिकॅलिक्स सुचवीन.

ऊन, तंतू आणि फूल

दुपारच्या उघड्या आभाळाखाली लाखभर लक्स उजेड असतो. खिडकीपासून दोन मीटर आत तो काहीशे लक्सवर येतो. डोळा हा फरक झाकून टाकतो, म्हणून ‘घरात भरपूर उजेड आहे’ या म्हणण्यावर विश्वास ठेवू नये; मोबाइलवरचे साधे लक्समापक अ‍ॅपही डोळ्यापेक्षा खरे बोलते. फुले हवी असतील तर दिवसातले काही तास दहा-वीस हजार लक्स मिळायला हवेत. पूर्वेची गॅलरी सर्वांत सोयीची. पश्चिमेच्या गॅलरीला मार्च ते मे अर्धी सावली देणारी हिरवी जाळी लावावी.

भिवंडीचा म्हणून एक खास प्रश्न आहे. लाखांनी यंत्रमाग चालणाऱ्या या शहरात मागांतून उडणारे सुताचे तंतू आणि सुताला खळ चढवणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरांची काजळी पानावर येऊन बसते. होयाची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात, त्यामुळे वेल याने गुदमरत नाही. पण वरच्या थराने उजेड अडतो, आणि दवाने भिजलेल्या तंतूंच्या गादीत किडीला आयते घर मिळते. ओल्या मऊ फडक्याने पंधरा दिवसांतून एकदा पाने पुसावीत, पानाखाली दुसरा हात धरून. चकाकी आणणारी तेले लावू नयेत. त्यांच्यावर तंतू दुप्पट चिकटतात.

होया अचानक एक उघडी, पाने नसलेली, हात-दीड हात लांब फांदी बाहेर सोडते. अनेकांना ती बिघाड वाटते आणि ते ती छाटतात. ती आधार शोधणारी फांदी आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली चढणाऱ्या वेलींवर प्रबंध लिहिला, त्यात होया कार्नोसाच्या अशाच फांदीचे फिरणे नोंदले आहे. एका फेऱ्याला तिला सोळापासून चोवीस तासांपर्यंत लागत. आधार सापडला की पाने मागाहून फुटतात. तिला काठी किंवा तारेचे कडे द्यावे, कात्री नाही.

फुलोऱ्याच्या दांड्याचेही तसेच. फुले गळाली की आखूड दांडा वेलीवर उरतो आणि वाळक्या काटकीसारखा दिसतो. होया पुढच्या हंगामात पुन्हा त्याच दांड्याच्या टोकावर फुलते, वर्षानुवर्षे. तो तोडणाऱ्याने पुढची फुले तोडली. कळ्या धरल्यावर कुंडी फिरवणे, जागा बदलणेही टाळावे. कळ्या गळण्याचे हे नेहमीचे कारण. वास बऱ्याच जातींत संध्याकाळनंतर वाढतो, कारण रानात पतंगांना बोलवायचे असते. फुलांतून मध ठिबकतो, खाली सतरंजी असेल तर ती हलवावी.

कलम आणि खरेदी

पावसाळा कुंडीतल्या मुळांचा वैरी, पण छाटकलमांचा सोबती आहे. मुळे नसलेल्या फांदीला पाण्याचा पुरवठा नसतो, फक्त खर्च असतो. जून-जुलैत हवेची भूक इतकी कमी की तो खर्चही जवळजवळ थांबतो. दोन पेरांचा तुकडा घ्यावा, चीक वाळू द्यावा, खालचे पेर ओल्या शेवाळात ठेवावे. महिनाभरात मुळे दिसतात.

पेर महत्त्वाचे. फेब्रुवारीत प्रेमाच्या दिवसासाठी केरायचे एकच बदामी पान छोट्या कुंडीत रोवून विकतात. त्याला मुळे फुटतात आणि ते वर्षानुवर्षे हिरवे राहते, पण पेर आणि त्यातली कळी सोबत नसेल तर त्यातून वेल कधीच निघत नाही. गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही.

चितकबरी पाने महाग असतात त्याचे कारण वेगळे. पांढरा भाग म्हणजे हरितद्रव्य न बनवणाऱ्या पेशींचा थर, हिरव्या थराच्या शेजारी नांदणारा. कळीत दोन्ही थर आले तरच पुढचे पान चितकबरे होते. कलम घेताना सोललेल्या पट्ट्यासारखी रंगरेषा देठापर्यंत आलेले पेर निवडावे. निव्वळ पांढरी फांदी देखणी दिसते, पण ती उरलेल्या वेलीच्या जिवावर जगते. तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. निव्वळ हिरवी फुटली तर ती जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकते, म्हणून लगेच काढावी.

पार्सलने मागवायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. देशभरची बरीच पार्सले भिवंडीच्या गोदामांतून जातात हे खरे, पण आपले खोके मे महिन्यात बंद टेंपोत दोन दिवस उभे राहणार नाही याची हमी त्याने मिळत नाही. परदेशातून आणताना आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे बँकॉकहून बॅगेत कपड्यांखाली आणलेली कलमे बेकायदा ठरतात. हौशी मंडळींत याकडे गंमत म्हणून पाहिले जाते. ते बरे नाही. नवी कीड देशात येते ती अशीच.

किडींमध्ये पहिला नंबर पिवळ्या माव्याचा, आणि इथे रुईचे नाते अंगाशी येते. रुई आणि कण्हेर यांच्या कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसणारा हा मावा होयाच्या नव्या फुटीवरही येतो. गॅलरीसमोरच्या प्लॉटवर रुई असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत शेंडे रोज पाहावेत. पाण्याच्या बारीक धारेने तो धुऊन जातो. दुसरा पिठ्या ढेकूण, पानाच्या बेचक्यात कापसाच्या ठिपक्यासारखा. भिवंडीत तो मागाच्या तंतूंत लपून जातो, हे त्याला खास फावते. ठिपका फुंकरीने उडाला तर तंतू, बसून राहिला तर कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने एकेक टिपावा, मग दोन-तीन मिलिलिटर निंबोळी तेल साबणाच्या चार थेंबांसह लिटरभर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे. मुंग्यांची रांग दिसली तर आधी तीच तोडावी. मुंग्या या किडींचे गोड पाणी पितात, त्यांना पाळतात आणि नव्या फांदीवर नेऊनही सोडतात.

कार्नोसाची ‘कॉम्पॅक्टा’ नावाची मुरडलेल्या, घड्या पडलेल्या पानांची जात या एका कारणासाठी मी यंत्रमागाच्या वस्तीत कोणाला सुचवत नाही: त्या घड्यांत तंतू, ओल आणि ढेकूण तिन्ही एकदम राहतात आणि काडी आत पोचत नाही. तरी घ्यायचीच असेल तर लहान रोप घ्यावे आणि महिनाभर बाकीच्या वेलींपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवावे.